गड्याचा पेढा

आमचे घरमालक पहाटे देवाला हाका मारायचे आणि त्या हाकांनी आम्ही वर जागे व्हायचो. भूपाळी वगैरे काही नाही. "ऊठ की रं गड्या. दूध आलंया दारात, लोळतुयास किती?" असा सगळा खाक्या. लग्न करून मी बार्शीहून सोलापूरला आले, सात रस्त्याजवळच्या गल्लीत त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही संसार मांडला, तेव्हा पहिल्याच सकाळी मी आमच्या ह्यांना म्हटलं, "मालक नोकराशी भलत्याच सलगीनं बोलतात." हे मिशीत हसले आणि म्हणाले, "जा, खाली जाऊन नोकर बघून ये." खाली नोकर नव्हताच. भट्टीच्या वरच्या कोनाड्यात वीतभर उंचीचा पितळी बाळकृष्ण होता, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा धरलेला. मालक त्याच्याकडे पाठ करून कढई घासत होते आणि त्यालाच बोलत होते.

मालक जातीचे गवळी, मूळचे मंद्रूपचे, आणि धंदा पेढ्यांचा. फक्त गाईच्या दुधाचे पेढे करायचे. गाईच्या दुधाला खवा कमी पडतो, म्हशीचं घ्या, असं कोणी सांगितलं की म्हणायचे, "म्हस यमाच्या दारातली. आमच्या गड्यानं गाया राखल्या." हा शब्द त्यांच्या तोंडी सदैव. देव म्हणायचे नाहीत, कृष्ण म्हणायचे नाहीत. गडी. म्हणजे रानात बरोबर गुरं राखलेला सोबती. त्याला ते कधी हात जोडायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर उलट मलाच म्हणाले, "तुमच्या शाळंतल्या मैत्रिणीला तुमी दंडवत घालता का, बाई?"

बरं, माणूस दिसायला तरी धड असावा. भट्टीपुढं बसताना खांद्यावर घोंगडी! सोलापूरचा वैशाख, पत्र्याखालची भट्टी, आम्ही वर ओले पंचे अंगावर घेऊन बसलेलो, आणि हे खाली काळी घोंगडी पांघरून घाम गाळताहेत. "घोंगडीबिगर त्यो मला वळखायचा न्हाय," हे त्यावरचं उत्तर. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला पुढं कळलं. सुरुवातीची दोन वर्षं मी घातला. मला वाद घातल्याशिवाय जेवण पचत नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं.

दुकानाची वेळ ही आणखी एक तऱ्हा. संध्याकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, पाळी सुटायची, माणसांचा लोंढा रस्त्यावर यायचा. कुणाला पोरगं झालेलं, कुणाचं लग्न ठरलेलं. नेमकं त्याच वेळेला आमचे मालक फळ्या लावून दुकान बंद करायचे. अर्धा तास. "या वक्ताला गाया घरला येत्यात. त्यो त्यांच्या मागं असतुया. हितं निवद घ्यायला हाय कोण?" गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, मला विकत पाहिजे पेढे, देवाला कुठं?" मालक फळीच्या फटीतून म्हणायचे, "त्यानं खाल्ल्याबिगर तुमाला कुटला?" आणि गंमत म्हणजे लोक थांबायचे. शेजारच्या पानपट्टीवर अर्धा तास काढायचे आणि पुन्हा रांगेला लागायचे.

ह्या नैवेद्याबद्दल मात्र चेष्टा चालायची नाही. प्रत्येक कढईतला पहिला पेढा कोनाड्यात जायचा, मगच बाकीचे परातीत. एकदा कुठल्याशा कचेरीतले एक साहेब आले. मालक आत गेलेत असं पाहून त्यांनी परातीतला एक पेढा उचलला आणि 'चव बघू' म्हणून तोंडात टाकला. कोनाड्यात अजून काही गेलेलं नव्हतं. मालक बाहेर आले, साहेबांच्या हलणाऱ्या तोंडाकडं पाहिलं. सबंध परात उचलली, रस्त्यावर नेली आणि तिथं बसलेल्या दोन गाईंपुढं रिकामी केली. साहेबांचा घास तोंडातच राहिला. आत येऊन मालकांनी परात धुतली आणि नव्यानं भट्टी पेटवली. "उष्टं त्याला कसं घालू?" एवढंच म्हणाले.

आणि स्वतः? स्वतः त्यांनी आपला पेढा जन्मात खाल्ला नव्हता. नैवेद्य झाल्यावरसुद्धा नाही. वडिलांनी कढईवर बसवताना शपथ घातली होती म्हणे, की केलेलं जिभेला लावायचं नाही, एकदा जीभ चटावली की हात आपल्यासाठी करायला लागतो. तीस वर्षं त्यांनी ती पाळली होती. मला हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं आणि मग थोडं वाईट वाटलं.

चव घ्यायची नाही, मग खवा झाला हे कळायचं कसं? तर गाईंच्या नावांनी. साखर पडली की शेवटचा हात देताना मालक उलथन्याच्या एकेका फेऱ्याला एकेक नाव घ्यायचे. संथ, लांबवून, रानात हाक घालावी तसं. "ये हरणेऽ. ये कपिलेऽ. ये ढवळेऽ. ये तांबूऽ." वडिलांच्या कळपातल्या मंद्रूपच्या अकरा गाई. सगळा कळप तीनदा घरी आला की कढई खाली, असं गल्लीत जो तो सांगायचा. मला हे इतकं आवडलं होतं की मी शाळेत चौथीच्या मुलांना सांगितलं होतं, आमच्या मालकांना घड्याळ लागत नाही, गाई लागतात.

मग दुष्काळ आला. मंद्रूपला त्यांच्या भावाच्या गोठ्यात जी जनावरं होती ती एकेक करून गेली. बाजारच्या दिवशी गावाकडचं कुणीतरी यायचं, पायरीवर टेकायचं आणि म्हणायचं, "चंद्री गेली, अण्णा." किंवा "मोरी बी गेली." मालक पाण्याचा तांब्या पुढं करायचे. त्या वर्षी त्यांनी भट्टीच विझवली. कोनाड्यापुढं उभे राहून म्हणाले, "गाया वैरणीवाचून मरत्यात आन् तू पेढं खाणार व्हय रं? लाज वाटू दी." चार महिने बाळकृष्णाला ज्वारीच्या कण्या आणि मीठ. मालकांनाही तेच, आणि मालकीणबाईंनाही. मालकीणबाई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा मला म्हणायच्या, "देवाबरोबर आमालाबी शिक्षा. अय्यो, मी काय केलं व्हतं?" पण कण्या मात्र गुपचूप खायच्या.

पुढं पाऊसपाणी झालं, भट्टी पेटली आणि मी जिन्यावरून ऐकलं तर नावं वाढलेली. अकरांच्या पुढं चंद्री, मोरी, भावाच्या गोठ्यातल्या गेलेल्या सात.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मालकांना ताप आला. साथच होती, निम्मी गल्ली अंथरुणात होती. पंधरा दिवसांनी उठले, बारीक झाले होते, पण घोंगडी घेऊन भट्टीपुढं बसले. आठवडाभरानंतरची गोष्ट. मी वर वह्या तपासत होते आणि मला करपल्याचा वास आला. आधी माझी चूल बघितली. ती थंड होती. मग धावत खाली गेले. कढईतून काळपट धूर निघत होता आणि मालक शांतपणे उलथनं फिरवत म्हणत होते, "ये चंद्रेऽ. ये मोरेऽ."

"मालक, करपलं."

"काय?"

"खवा करपलाय. वरपर्यंत वास आलाय."

त्यांनी कढईत पाहिलं. मग वाकून तोंड अगदी धुराजवळ नेलं आणि श्वास ओढला. पुन्हा ओढला. कढई खाली घेतली आणि भुईवर बसले. मला त्यांचा चेहरा बघवेना.

"कधीपासून येत नाही वास?"

"ताप उतरल्यापास्नं." उलथनं भुईवर ठेवून म्हणाले, "बाई, त्यानं कट्टी घेतली माज्याशी."

"कुणी?"

त्यांनी हनुवटीनं कोनाडा दाखवला. मी मास्तरीण, म्हटलं, असलं काही नसतं, तापानं जातो वास कधीकधी, डॉक्टरांना दाखवा. दाखवून झालं होतं. आला तर येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. "तसं न्हाय, बाई. कढईतनं वास सुटला की मला कळायचं, आला गडी, बसला जवळ. आता त्यो यीतच न्हाय. दुष्काळात मी त्याला कण्या खायला घातल्या, त्याचा राग धरला असंल."

माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. मी म्हटलं, "मालक, पूर्वी तुम्ही अकरा नावं घ्यायचात. आता अठरा आहेत. तीन फेऱ्यांत एकवीस हात जास्त पडतात. करपणारच."

"नावं मी कवा मोजली व्हती? नाक सांगायचं तवा थांबायचो. नावं आपली सोबतीला."

"आता मोजा. गेलेल्या सात गाळा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. "तुमच्या शाळंतलं एखादं प्वार गेलं तर हजेरीतनं नाव काढता?"

"काढतो," मी म्हटलं. काढावंच लागतं.

"आमी न्हाय काढत."

"मग दोनच फेऱ्या करा."

"म्हंजे तिसऱ्या खेपंला त्यास्नी दाराभाईर उभं करू?"

झालं. मी म्हटलं, मग रंगावरून ओळखा. तर म्हणाले, गाईचं दूध आधीच पिवळं, त्यात हा अंधार, डोळा फसतो. आणि उलथन्याच्या ओढीवरून कळायला हातात आता जोर राहिला नाही. मी म्हटलं, मग चव बघा की. यावर ते रागावलेसुद्धा नाहीत. "शिकल्या-सवरल्या बाईनं असं बोलू न्हाय," एवढंच म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "कुनाला सांगू नका. गवळ्यांच्या देवळातला काल्याचा निवद आमच्या आज्यापास्नं आमच्याच कढईचा. पंचांना कळलं तर तो जाईल. आन् कढई ग्येली की मी मंद्रूपला भावाच्या दारात बसून ऱ्हाणार. गड्याला घिऊन कुटं जाऊ?"

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मला अजून नवल वाटतं. मी म्हटलं, "माझं नाक आहे ना वर."

असं माझं नाक मालकांच्या नोकरीला लागलं. व्यवस्था साधी होती. मालक भट्टी पेटवणार शाळेच्या आधी नाहीतर नंतर. साखर पडली की ते खालून खाकरणार. मी वर काय हातात असेल ते ठेवून जिन्याच्या दाराशी उभी राहणार आणि वासातला कच्चेपणा जाऊन खमंगपणा आला की जमिनीवर पाय आपटणार. दोनदा. खाली कळप कुठंवर का आलेला असेना, कढई खाली. नाकानं थांबवलेलं मालकांना चालत होतं, मोजून थांबणं नाही. शिकायला मला महिना लागला. पहिल्या आठवड्यात दोन कढया कच्च्या उतरवल्या आणि त्या पेढ्यांना चार दिवसांत बुरशी आली. पण मग जमलं. एवढं जमलं की खालचं नाक सांभाळता सांभाळता वर माझ्या भाज्या करपायला लागल्या. समोरच्या माडीवरच्या विणकर बाई एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, नवऱ्याशी भांडण करा, पण पाय आपटू नका, वाईट दिसतं." त्या तेलुगू, त्यांचं मराठी तुटकं, त्यांना काय समजावणार. आमचे हे मात्र गल्लीत बिचारे ठरले आणि त्यांनी ते सुख पुरेपूर भोगलं.

अव्वांना यातलं काही माहीत नाही असं आम्ही दोघंही समजत होतो. अव्वांच्या नाकाचा उपयोग नव्हताच. त्या तपकीर ओढायच्या, त्यांना गुलाब आणि गटार सारखंच.

सहा-सात महिने असे गेले. मग श्रावण लागला, अष्टमी आली आणि अष्टमीच्याच रात्री मला शिंका सुरू झाल्या. काल्याच्या दिवशी सकाळी उठले तर नाक चोंदून दगड झालेलं. निलगिरीचं तेल हुंगलं, मिरी चावली, वाफ घेतली. काही नाही. तेवढ्यात खाली दुधाची भांडी आल्याचा आवाज झाला. काल्याच्या पेढ्याला विकतचं दूध चालत नसे. गवळ्यांच्या घराघरातून तांब्या-तांब्या दूध यायचं, ते एकत्र करून त्याचा पेढा व्हायचा. म्हणजे बिघडलं तर दुसरं आणायला जागा नाही. दुपारी हंडी फुटायच्या आधी नैवेद्य देवळात पोचायला हवा.

मी जिन्यावरूनच सांगितलं, "मालक, माझं नाक बंद आहे."

ते हसले. त्यांना वाटलं चेष्टा करते. मग मी शिंकले.

निम्मं दूध त्यांनी पहिल्या कढईत घातलं. मी शेजारी उभी राहून रंग बघत होते, ते नावं घेत होते. आम्ही दोघांनीही ठरवलं होतं की दोन फेऱ्यांनंतर थांबायचं. दुसरी फेरी संपली. मी म्हटलं, "उतरवा." आणि त्यांचा हात थांबेना. "ये हरणेऽ," म्हणून तिसरी सुरू झाली. कपिली आली, ढवळी आली, आणि बुडाशी काळं धरलेलं मला दिसलं. माझा संताप झाला. मी म्हटलं, "अहो, मेलेल्या गाईंपायी जितं दूध जाळलंत." बोलायला नको होतं.  त्यांनी कढई बाजूला सरकवली आणि दुसरी घासलेली कढई भट्टीवर ठेवली.

उरलेलं निम्मं दूध आटत असताना अव्वा आतून आल्या. जळलेली कढई पाहिली, माझं लाल नाक पाहिलं आणि पाटावर बसल्या. "साकु," म्हणाल्या. म्हणजे पुरे. "मला कळत न्हाय व्हय? तुमच्या नाकाला वास यीत न्हाय हे मला पंधरा दिसांत कळलं. शेजारच्या घरात घूस मरून पडली व्हती आन् तुमी तितं बसून भाकरी खाल्ली." मग सरळ म्हणाल्या, "चव बगा."

"उष्टं व्हईल."

"हू दे. त्याला गडी म्हणता आन् वागता भटावाणी. रानातल्या पोरांनी काय सोवळ्यात शिदोरी न्हेली व्हती? पेंद्या आदी आपुन चावून बगायचा, गोड लागलं की त्याच्या तोंडात घालायचा. काला म्हंजे तरी काय वो? समद्यांचं उष्टं एका हंडीत."

मालक उलथनं फिरवत राहिले. साखर पडली. नावं सुरू झाली. पहिली फेरी संपली, दुसरी सुरू झाली. मी श्वास धरून उभी, जसा काही त्याचा उपयोग होता. दुसऱ्या फेरीत चंद्रीपाशी त्यांनी उलथन्याच्या टोकावरचा खवा बोटावर घेतला, फुंकला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील. जिभेनं खवा टाळूला लावून दाणा बघितला, गिळला आणि कपाळाला एक बारीक आठी पडली. पुढच्या गाईचं नाव घेतलं. आणखी तीन नावांनी पुन्हा बोट लावलं.

"झालं का?" अव्वांनी विचारलं.

"झालं."

कढई उतरवली. उरलेल्या गाई त्यांनी कढई खाली ठेवल्यावर, रिकाम्या भट्टीपुढं बसून घरी आणल्या. मी मनाशी म्हटलं, हे सहा महिन्यांपूर्वी का नाही सुचलं आम्हाला.

पेढे झकास झाले होते. मऊ, केशरी पिवळे, तळहातावर ठेवला तर बोटाचा ठसा राहील असे. ताटावर केळीचं पान घालून आम्ही देवळात नेले. मंडप भरलेला, हंडी टांगलेली, पोरं ओलीचिंब. गवळ्यांचे म्हातारे पंच पुढं आले, ताटाला हात लावला, आणि मालक म्हणाले, "थांबा. हा उष्टा हाय."

मी त्यांची घोंगडी मागून ओढली. अव्वांनीसुद्धा ओढली. मालक सांगत राहिले, नाक गेल्याचं, सकाळच्या जळलेल्या कढईचं, दोनदा बोट लावल्याचं. माझं नाक मात्र त्यांनी सांगितलं नाही. मंडपातला आवाज हळूहळू खाली बसला.

पंच वाईट माणूस नव्हते. बिचारे घाम पुसत राहिले. म्हणाले, "बोलायचं कशाला व्हतं रं? न्हाय बोल्ला असतास तर मी ठिवला असता."

"त्याच्यापुढं खोटं कसं ठिवू? पेंद्या न्हाय का चावून द्यायचा?"

"ती प्वारं त्याच्या येळची, अण्णा. त्यास्नी त्यानं हाताला धरून बशिवलं व्हतं. तुला-मला कुणी बशिवलंय?" पंचांनी ताट अलगद मागं सरकवलं. "समदी बगत्यात. मी काय सांगू लोकांस्नी?"

नैवेद्य दहीपोह्यांचा झाला. आज्यापासूनचा पेढ्याचा मान त्या दुपारी गेला आणि तो पुन्हा कधी आला नाही. आम्ही भरलेलं ताट घेऊन परत निघालो. रस्ताभर मी कुरकुरत होते. काय मेला खरेपणा, कुणी विचारलं होतं, एवढे सहा महिने मी पाय आपटले ते कशाला. आता गल्लीला कळणार, गिऱ्हाईक तुटणार, कढई जाणार. अव्वा रडत होत्या. मालक ताट धरून पुढं चालत होते.

संध्याकाळी मला राहवेना. भोंगा होऊन गेला होता, फळ्या लागलेल्या होत्या. मी मागच्या दारानं आत गेले. म्हटलं, माणूस मोडून पडला असेल, चार शब्द बोलावेत. सकाळी जितं दूध जाळलंत म्हटलं त्याची माफीही मागावी.

मालक कोनाड्यापुढं मांडी घालून बसले होते. बाळकृष्ण खाली घेतलेला, पाटावर. मधे ते ताट. मालकांच्या हातात अर्धा पेढा होता, उरलेला अर्धा बाळकृष्णापुढं. आणि त्यांचं तोंड चाललं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते आपला पेढा खात होते. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुःखाचं वाटेना.

"बसा, बाई. एक सांगू का? सकाळी बोट लावलं तवाच मला शंका आली व्हती. देवळात बोल्लो न्हाय. आता नीट खाऊन बगितला." त्यांनी घास गिळला. "साखर लई जास्त हाय की वो."

मी त्यांच्यासमोर भुईवर बसले.

"लई म्हंजे लईच. दात शिवशिवतुया. बापानं जेवढी सांगितली तेवढीच टाकत आलो, त्याच्या येळंला साखर पांचट असंल. आज तीस वर्सं." त्यांनी बाळकृष्णाकडं पाहिलं. "रोज पहिला पेढा याला. रोज. एक दिस तोंड वाकडं केलं न्हाय गड्यानं. आन् मी म्हणत व्हतो, कण्या घातल्या म्हणून कट्टी घेतली. ज्यो तीस वर्सं हे खाऊन रुसला न्हाय, त्यो कण्यांनी रुसंल व्हय?"

मी म्हटलं, "नाही रुसणार, मालक." माझा आवाज जरा बसला होता, सर्दी होतीच.

मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमीबी खात आलाय की, बाई. एवढी वर्सं दर आठवड्याला ताट वर यायचं. तुमीबी कधी बोल्ला न्हाय?"

खरं सांगायचं तर त्यातला अर्धा पेढा आम्ही दोघं मिळून कसाबसा संपवायचो आणि वर बिनसाखरेचा चहा प्यायचो. उरलेले मी डब्यात घालून शाळेत पोरांना वाटायचे. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. दुपारीच त्यांनी सगळ्या मंडपासमोर खरं बोलून दाखवलं होतं, आणि मी मुलांना खरं बोलायला शिकवायचा पगार घेत होते.

"मला गोड आवडतं," मी म्हटलं.

"खरं?"

"खरंच."

त्यांनी जरा विचार केला. ताटातला एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या एवढीच." आम्ही ती जागा सोडेपर्यंत ती साखर तेवढीच राहिली.